निरंजन ओझरकर जांब्यातच राहतो

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पासपोर्ट पडताळणी कक्ष.

विषय : अर्जदार स्वतःच्याच घरात राहतो हे मान्य होऊन पासपोर्टची तिसऱ्यांदा पडताळणी होणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचे दि. १० व २५ सप्टेंबर २०२५ चे प्रतिकूल अहवाल.

महोदय,

१. अर्जदार निरंजन हैबतराव ओझरकर, वय ३४, हा उरवडे येथील एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस असून जन्मापासून जांबे येथे वडिलांच्या घरात राहतो. नऊ वर्षांपूर्वी त्याचा विवाह स्नेहल हिच्याशी झाला. त्यानंतर उभयता तीन वेळा बाहेरगावी गेले. तिन्ही वेळा गाडीत किमान नऊ माणसे होती व पुढच्या सीटवर वडील होते. यंदा प्रथमच दोघांनीच, दि. ८ नोव्हेंबर रोजी, सिंगापूरचे थीम पार्क पाहण्यास जाण्याचे ठरले. तेथील उंच पाळण्यांत बसून लोक मोठ्याने ओरडतात आणि त्यांना कोणी कारण विचारत नाही, हे स्नेहलने मोबाईलवर पाहिले आहे. या घरात नऊ वर्षांत तिला आवाज चढवायला जागा मिळालेली नाही. सबब ही सहल अर्जदारास गरजेची वाटते.

२. दोघांच्या पडताळणीच्या तारखा वेगवेगळ्या आल्या. स्नेहलची चौकशी दि. २१ ऑगस्ट रोजी ती घरी असताना झाली. "ही माझी सून" असे वडिलांनी सांगितले व तिचा पासपोर्ट आला. इथवर तक्रार नाही.

३. हिंजवडीत कामाला जाणाऱ्या मुलांना वडिलांनी बावीस खोल्या भाड्याने दिल्या आहेत. भाडेकरूंची माहिती पोलिसांत द्यायची त्यांच्याकडून राहून जाते. त्यामुळे पोलीस कोणाचेही नाव घेऊन आले की "खोली सोडून गेला" असे सांगण्याची त्यांची पंधरा वर्षांची पद्धत आहे. हे अर्जदार नाइलाजाने नमूद करतो.

४. दि. १० सप्टेंबर रोजी सकाळी ११.२० वाजता आपले हवालदार श्री. फिरोज मुलाणी घरी आले. अर्जदार व स्नेहल कामावर होते. निरंजन ओझरकर इथे राहतात का, असे त्यांनी ओट्यावर बसलेल्या वडिलांना विचारले. वडिलांनी लेखी जबाब दिला तो असा : "व्हता. दोन म्हयन्यामागं गेला खोली सोडून. वागायला बरा व्हता, पण जाताना पंखा काढून न्यायला निघाला, म्या धरला." शेजारचे गेणबा यांनी साक्षीदार म्हणून सही केली. पुढे अर्जदाराने त्यांना जाब विचारला असता, "हैबतराव म्हनत्यात म्हंजी गेला असशील," असे त्यांनी अर्जदारासच तोंडावर सांगितले.

५. वडिलांनाही अर्जदाराने विचारले. त्यांचे म्हणणे : "पोलीस दारात आल्यावर पोरगं घरात हाय असं कुटला बाप सांगतो? आन् तू परदेशी चाललाय हे मला हवालदाराकडनं कळावं व्हय?" पहिल्या वाक्यात माया आहे हे अर्जदार मान्य करतो.

६. फेरपडताळणीसाठी दि. २५ सप्टेंबर रोजी, गुरुवारच्या साप्ताहिक सुटीत, अर्जदार सकाळी आठपासून ओट्यावर बसून होता. श्री. मुलाणी आले. अर्जदाराने ओळख दिली. परंतु आधीचा सहीचा जबाब खोटा ठरू नये म्हणून वडील म्हणाले, "ह्यो नवा भाडेकरू हाय. कालच आलाय." आई रंभाबाई आतून आल्या व म्हणाल्या, "अवो, पोटचं पोरगं हाय ते." त्यावर वडील श्री. मुलाणी यांना म्हणाले, "तिचं काय धरता हवालदार? तिला समदीच पोरं आपली वाटत्यात. भाडेकरूंना डबं देती ती." आई डबे देतात ही गोष्ट खरी असल्याने श्री. मुलाणी यांनी ती लिहून घेतली. त्यांनी आपले काम चोख केले. अर्जदाराचा रोष त्यांच्यावर नाही.

७. परिणामी आपल्या दप्तरी आज असे दिसते की, ओझरकरांची सून घरात राहते, तिचा नवरा निघून गेला आहे, आणि तिच्याच खोलीत एक नवा भाडेकरू उतरला आहे. ही हकीकत गेणबांमार्फत उरवड्यास, स्नेहलच्या माहेरी पोहोचली. सासरे अण्णासाहेब दोन माणसे घेऊन आले. अर्जदाराने चहा पुढे केला असता, "तुमी कोण म्हनून देताय ते आदी सांगा," असे ते म्हणाले. शिवाय नव्या भाडेकरूची माहिती न दिल्याबद्दल वडिलांना नोटीस आली आहे. तो भाडेकरू म्हणजे अर्जदारच.

८. अर्जदाराने वडिलांशी रीतसर भाडेकरार करून पाहण्याचे ठरवले. "एकट्या बाप्याला मी घरातली खोली देत न्हाई, सून हाय घरात," असे वडिलांनी कळवले.

९. अखेर खरा जबाब देण्यास वडील तयार झाले आहेत. अट एकच, त्यांनाही सिंगापूरला न्यावे. "दोघंच जानार? आन् मी हितं खोल्या झाडीत बसू?" असे ते म्हणतात. आई येणार नाहीत. "जाऊ द्या की त्यांना एकदा," असे त्यांनी वडिलांना तीनदा सांगितले. हैबतरावांना सोबत घेण्यास अर्जदाराची हरकत नाही, असे लिहिण्याचा त्याने या परिच्छेदात दोनदा प्रयत्न केला. ते खरे नसल्याने खोडले आहे.

१०. तरी विनंती की, वडिलांचा जबाब वगळून सोबतची कागदपत्रे ग्राह्य धरावीत व तिसरी पडताळणी गुरुवार, दि. ९ ऑक्टोबर रोजी अकरा ते दोन या वेळेत करावी. त्या वेळी वडील नातलगांच्या साखरपुड्यास गेलेले असतील. गेणबाही त्यांच्याबरोबर जातील अशी व्यवस्था केली आहे.

११. जाता जाता कळवणे आवश्यक की, वडिलांनी दि. ३ ऑक्टोबर रोजी स्वतःच्या पासपोर्टसाठी अर्ज केला आहे. ते कागद लवकरच आपल्या टेबलावर येतील आणि हैबतराव ओझरकर इथे राहतात का, हे विचारण्यास श्री. मुलाणी पुन्हा येतील. वडील त्या वेळी खोल्यांकडे असले तर घरात जो असेल त्याला उत्तर द्यावे लागेल. अर्जदार शासनापुढे आजवर खोटे बोललेला नाही, म्हणून तो त्या दिवशी कामावर जाईल. स्नेहल त्या दिवशी रजा टाकणार आहे. ती काय सांगेल, हे अर्जदाराने तिला विचारलेले नाही.

आपला नम्र व खालील पत्त्यावरच राहणारा,
(सही)
निरंजन हैबतराव ओझरकर
मु. पो. जांबे, ता. मुळशी, जि. पुणे
दि. ६ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड व आधार कार्ड यांच्या प्रती.
२) लग्नातील छायाचित्र. अर्जदारावर बाणाची खूण केली आहे. मागे फेट्यात वडील असून त्यांचा हात अर्जदाराच्या खांद्यावर आहे.
३) आई रंभाबाई यांचे निवेदन, अंगठ्यासह. (डब्यांचा मजकूर वगळून वाचावे.)
४) खोलीतील पंख्याचे छायाचित्र. पंखा जागेवर आहे.