बॅरनची वाफ आणि शनिवारचा फेरा

५ जाने., सोम.
सकाळी कर्नाळ्याचा सुळका गायब. गच्चीवरून समोरची इमारतसुद्धा दिसेना. आणि नेमका तेव्हाच हवामानाचा उपग्रह वरून गेला, माझ्या अँटेनाने चित्र उतरवलं! पाताळगंगेच्या खोऱ्यात पांढरं बोट घातल्यासारखं धुकं, डोंगर मात्र मोकळे. मी ओरडलेच. हे अर्धी दाढी तशीच ठेवून वर धावले.
"काय झालं?"
"धुकं!"
"ते खिडकीतून दिसतंय, रिबका."
खालच्या मजल्यावरचे जनूभाऊ टाकी बघायला आले होते. विचुंब्याला त्यांची आंब्याची चार झाडं उरलीत, बाकी जमिनीवर इमारती. मोहोराच्या काळजीने रोज विचारतात, "ताई, ह्यो ढग का धुका?" सांगितलं, ढग सरकतो, धुकं खोरं सोडत नाही. मान डोलावून गेले.

७ जाने., बुध.
वाफ!! अंदमानातलं बॅरन बेट, आपला एकुलता एक जागा ज्वालामुखी. उपग्रह पार पूर्वेकडून गेला, चित्र खरखरीत. पण बेटाच्या ठिपक्यातून पांढरी शेपटी निघून नैर्ऋत्येला गेलीय. पुन्हापुन्हा पाहिलं. टेलिफोनच्या नोकरीत जन्म गेला तारा जोडण्यात, पण असं काही हाताला लागलं नव्हतं.
उपग्रहाची चित्रं उतरवणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर लगेच टाकलं, "बॅरनवर वाफ. स्वतः उतरवलेलं." हे म्हणाले, "गुडघ्याला बाशिंग." म्हणू देत.

८ जाने., गुरु.
ग्रुपचे जाणकार, नागपूरचे देवधर. त्यांचं उत्तर: "ताई, अभिनंदन, पण तो साधा ढग असणार. बेटाच्या डोक्यावर ढग अडकतो, हलत नाही."
म्हणजे जनूभाऊंना शिकवलेला नियम माझ्यावरच उलटला. दिवसभर चिडचिड. भाजी करपली.
दुपारी सुचलं! बॅरनच्या उत्तरेला नारकोंडम. तेही बेटच, बॅरनपेक्षा दुप्पट उंच, पण झोपलेलं. ढग अडकायचा तर आधी उंचाच्या डोक्यावर अडकेल. एकाच चित्रात नारकोंडम मोकळं आणि बॅरनवर पांढरं दिसलं, तर वाफच! बुधवारच्या चित्रात नारकोंडम ढगाखाली होतं, म्हणून काहीच ठरत नाही.
देवधरांनाही पटलं. "दाखवा, मानतो."
आकाश निवळतंय. उपग्रहाचा पुढचा चांगला फेरा कधी ते पाहिलं. शनिवारी सकाळी. शनिवारीच कसा!

९ जाने., शुक्र.
शब्बाथला, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, मी मशीनला हात लावत नाही, हे सगळ्या इमारतीला ठाऊक. पण आज सूर्य असताना लॅपटॉपला वेळ लावून ठेवली, म्हणजे उद्या तो आपोआप चित्र उतरवेल. यांना भीत भीत विचारलं, चालेल ना? म्हणाले, "तू हात लावणार नाहीस. आणि उपग्रहाला शनिवार नसतो."
लॅपटॉपची बॅटरी मेलेली, म्हणून गच्चीवरच्या खोलीत प्लगला लावलाय. आमच्या एलियाहू हन्नाबी पैगंबराला मलिद्याचा नवस बोलले. दिवे लावायची वेळ झाली.

१० जाने., शनि., तारे दिसल्यावर
काय लिहू.
सकाळी आम्ही सिनेगॉगमध्ये. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, दहावा उशिरा आला म्हणून तीही उशिरा. माझं लक्ष कुठे असणार! परत आलो तर जनूभाऊ जिन्यात, तोंडभर हसू. "ताई, वरचा मशीन चालू रायला होता. तुमी इसरलाव वाटतं. बंद केला मी. शनवार हाय ना आज!"
इतकी वर्षं हा माणूस आमचा विसरलेला दिवा, पंखा न सांगता बंद करत आलाय. शब्बाथला तसं सांगणंही आम्हाला चालत नाही, हे त्याला कळतं. आज कशाला ओरडू त्याच्यावर?
"कधी बंद केलंत?"
"टाकी भरल्यावर."
"टाकी कधी भरली?"
"ती काय घड्याल बघून भरतंय?"
मग दिवसभर घरात येरझाऱ्या. फेऱ्याआधी बंद केलं की नंतर? चित्र वर पडलेलं असेल आणि मी बघू शकत नाही. हे शांतपणे झोपले. राग आला यांचा.
तारे दिसले. वर धावले. चित्र उत्तरेकडून सुरू: हिमालयाच्या पायथ्याला धुकं, कापल्यासारखी सरळ कड. मग बंगालचा उपसागर, स्वच्छ! मग नारकोंडम. बोडकं! डोक्यावर एक पांढरा धागा नाही!! आणि खाली बॅरन यायच्या जरासं आधी चित्र संपलं. पुढे काळं.
रडले. मग हसूही आलं. मग परत रडले.

११ जाने., रवि.
अर्धवट चित्र ग्रुपवर टाकलं. लगेच देवधर: "माझ्याकडे कालचं पूर्ण आलंय, बॅरनसकट. टाकू?"
"टाकू नका" असं लिहिलं, आणि पाठवल्यावर कळलं की आपण काय लिहिलंय. हे म्हणाले, "वेड लागलंय. उत्तर दारात आलं नि तू कडी लावलीस." असेल वेड. मला माझ्या अँटेनातून हवंय. दुसऱ्याच्या ताटातलं चाखून माझी भूक भागणार नाही.
देवधरांनी फक्त "बरं" लिहिलं. बरं म्हणजे काय?

१२ जाने., सोम.
हे नको म्हणत होते, तरी जनूभाऊंना खरं सांगितलं. माणूस एवढासा झाला. "माज्यामुलं गेला तुमचा फोटू?" म्हटलं, तुमच्या चांगुलपणामुळे गेला. तरी खाली मान. मग एकदम, "मंग पुडच्या येलंला मी वर खुर्ची टाकून बसतो. कोन हात लावतंय बघतो!" मी म्हटलं, हात लावणारे तुम्हीच एकटे आहात. तेव्हा कुठे हसले.

१४ जाने., बुध.
संक्रांत. जनूभाऊंच्या घरून तिळगूळ. अँटेनात पतंगाचा मांजा अडकला, सोडवताना बोट कापलं. उपसागरावर जाड ढग, दोन्ही बेटं बेपत्ता. कालही तेच. देवधरांना खासगीत विचारावंसं वाटलं. फोन उशीखाली ठेवला.

१६ जाने., शुक्र.
निवळलं! सकाळच्या चित्रात ढग फाटत म्यानमारकडे सरकलेले. बॅरन अगदी कडेला, फटीत, काही कळत नाही. पण उद्याचा फेरा उपसागरावरून आहे, बॅरन चित्रात नीट येईल. परत शनिवार, असू दे.
वेळ लावली. प्लग तपासला, परत तपासला. जनूभाऊंनी स्विचवर चिकटपट्टी मारलीय आणि बायकोलाही दम दिलाय.
देवधरांचा मेसेज: "उद्या तुमचं येऊ द्या, मग बोलू." आठवडाभर 'मी बरोबर होतो' असं एकदाही म्हणाले नाहीत. चुकलो असंही नाही. सभ्य माणूस, किंवा छळवादी.
ढग निघाला तर? तर ढग. आठ दिवस जेवण गोड लागलं नाही आणि इतकी खूषही कधी नव्हते, ते कुणी परत घेणार नाही. पण वाफ असू दे रे देवा. वाफच असू दे.
हे काडेपेटी घेऊन उभे आहेत, सूर्य समोरच्या इमारतीआड गेला. आता पेनही ठेवायला हवं, शब्बाथला लिहायचंही नसतं. उद्या सकाळी मी सिनेगॉगमध्ये असेन, तेव्हा वर चित्र