तीन चाकं आणि शिंगणापूरला गेलेलं दार

सावेडी, नगर
२ डिसेंबर
(पाकिटावर अहिल्यानगर लिहिलं आहे, पोस्टाचा गोंधळ नको म्हणून. आत आपलं नगरच.)

प्रिय अश्विनी,

तुला सप्रेम नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण हल्ली तू त्याच्याच परवानगीने उठतेस-बसतेस असं कळतं. ऑपरेशनचं काय ठरलं? नदीवर जाणं अजून बंदच आहे का? पुणतांब्याला राहून गोदावरी खिडकीतून बघायची म्हणजे शिक्षाच. तुझ्या सूनबाईने पाठवलेले पेरू पोचले. इतके गोड होते की मी दोन लपवून ठेवले आणि कुठे लपवले ते विसरले. परवा वासावरून सापडले. देव तुम्हा सर्वांचं भलं करो. हे वाक्य मी पन्नास वर्षं लिहिते आहे आणि तू दर वेळी विचारतेस, कुणाचा देव, तुझा की माझा? दोघांनी मिळून करावं, काम लवकर होईल.

आता माझी तब्येत. उन्हाळ्यापासून मला चक्कर येते हे तुला फोनवर सांगितलं होतंच. दोनदा पडले हे सांगितलं नव्हतं. एकदा मागच्या अंगणात बादलीसकट, आणि एकदा चर्चमध्ये, प्रार्थनेचं गीत सुरू होऊन सगळे उभे राहिले तेव्हा मी उभी राहून थेट पुढच्या बाकावर गेले. डॉक्टर म्हणाले की माणसाचा तोल कानात असतो. मला आजवर वाटत होतं की तो पायात असतो. (शाळेत सिस्टर बेनेडिक्टा उगाच नाही आपले कान पिरगाळायच्या. तेव्हाच काहीतरी सैल झालं असणार.) गोळ्या सुरू आहेत, चक्कर बरीच कमी आहे, पण चालताना वाटतं की फरशी आणि मी वेगवेगळ्या विचारांच्या आहोत. रिक्षा गतिरोधकावरून उडाली की संपलंच.

हे अँड्र्यूच्या कानावर गेलं आणि त्याने पुण्याहून निकाल दिला. तीस नोव्हेंबरच्या रविवारी तो येणार. तोवर मला चर्चला आणि बाजाराला एकटीने, न पडता, जाऊन येता आलं तर मी नगरला राहावं. नाहीतर हे घर भाड्याने द्यायचं आणि मी त्याच्याकडे अकराव्या मजल्यावर जायचं. मुलगा वाईट नाही, तुला माहीत आहे. सूनही चांगली आहे. पण अश्विनी, या घराची वीट न् वीट माझ्या योसेफने उभं राहून लावून घेतली. पुढचं सागवानी दार तर त्याने स्वतः पॉलिश केलं होतं, तीन रविवार, चर्च बुडवून. तो गेल्यापासून सकाळी ते दार उघडताना त्याच्याशी दोन शब्द होतात. अकराव्या मजल्यावरच्या दाराशी मी काय बोलणार? त्याला तर अंक दाबावे लागतात.

डॉक्टरांनीच सुचवलं की तोल जाणाऱ्या मोठ्या माणसांसाठी तीन चाकी सायकल मिळते, ती घ्या. अँड्र्यूला एकदम पटलं. म्हणाला, तू तर शाळेत सहा वर्षं सायकल चालवलीस, तुला काय अवघड? (हसू नकोस. हसलीस तर हस, पण पत्र सोडू नकोस. यावर मी शेवटी येणार आहे.)

त्यानंतरचे पंधरा दिवस मी ज्या गोंधळात काढले तसा गोंधळ बीजगणिताच्या पेपरलाही नव्हता. मला वाटलं होतं, तीन चाकं म्हणजे तीन चाकं. तसं नसतं. पुढे एक मागे दोन असतात, पुढे दोन मागे एक असतात. बसायची असते, आणि आरामखुर्चीसारखी रेलून पाय पुढे टाकून चालवायचीही असते. (रेलून चर्चला गेले असते तर फादरनी मरणाऱ्याला लावतात ते तेल लावून शेवटची प्रार्थनाच सुरू केली असती.) गावातल्या सायकलच्या दुकानात गेले तर त्या भल्या माणसाने आधी नातवाचं वय विचारलं. नातवाला नाही, मला हवी, म्हटल्यावर तो गंभीर झाला आणि आतून हाताने चालवायची, अपंगांना सरकारकडून मिळते ती सायकल घेऊन आला. ती बातमी माझ्या आधी सावेडीत पोचली. शेजारच्या पुष्पावतीबाई संध्याकाळी माझ्या पायांकडे बघत बसल्या आणि निघताना हळूच म्हणाल्या, फॉर्म कुठे भरला ते आम्हालाही सांगा, आमच्या दिरांना हवी आहे.

शेवटी अँड्र्यूने मोबाईलवरून मागवली. पुढे एक, मागे दोन, मागच्या दोन चाकांच्या मध्ये मोठी जाळीची टोपली, आणि पाय उंच न टाकता बसता येईल अशी खाली वाकलेली दांडी. आली ती खोक्यात, सुट्या भागांत. टेम्पोवाल्यांनी खोकं हॉलमध्ये आणून टाकलं, माझी सही घेतली आणि पसार झाले. आत एक पुस्तिका होती, इंग्रजीत. पुष्पावतीबाई म्हणाल्या, तुम्ही कॉन्व्हेंटच्या, तुम्हाला काय कठीण. मी पुस्तिका दोनदा वाचली. त्यातल्या इंग्रजीला आपल्या सिस्टरनी वर्गाबाहेर उभं केलं असतं. एकच पान नीट कळलं, ते कोपरा दुमडून ठेवलं, त्याचं पुढे येईल. बाकी समजण्यासारखं एवढंच होतं की नट घट्ट करा, फार घट्ट करू नका.

पुष्पावतीबाईंच्या खिडक्यांना जाळ्या बसवणारा गोरक्ष म्हणून एक कारागीर आहे, शनिशिंगणापूरचा. एरवी कारखान्याच्या ऊसगाड्या बनवतो. तो आला, खोक्यात डोकावला आणि म्हणाला, ही तर खेळणी हाय. पंखा हॉलमध्ये होता म्हणून त्याने सायकल हॉलमध्येच जोडायला घेतली. पुढचा चिमटा, हँडल, पायडल, चेन, सगळं दुपारच्या चहापर्यंत उभं राहिलं. माझ्या हातात पुस्तिका होती, मी मधूनमधून वाचून दाखवत होते, आणि तो प्रत्येक वाक्याला व्हय म्हणून आपल्याच मनाचं करत होता. मागच्या दांड्याशी तो थबकला. दोन चाकं ज्यावर बसतात तो दांडा चार नटांवर होता, आणि हे काही त्याला पसंत पडेना. ऊसगाडी नटांवर राहत नाही. मी चहा करायला आत गेले, तेवढ्यात लाईट गेले, पुन्हा आले, आणि बाहेर येऊन बघते तर त्याने आपलं वेल्डिंगचं छोटं मशीन लावून दांड्याला चार टाके मारले होते. "मावशी, आता दहा वर्सं बघायला नको. दोन टन ऊस टाका, हलनार न्हाई." मी त्याला सांगितलं की माझं वजन एकसष्ट किलो आहे.

मग आम्ही सायकल बाहेर काढायला गेलो.

तुला दिसतंच असेल, अश्विनी. सायकल दारापेक्षा दोन बोटं रुंद होती. सरळ ढकलली, तिरकी केली, मागची बाजू पुढे केली. आडवी उचलून काढावी तर दारासमोरच व्हरांड्याचा खांब. दांडा सुटता तर प्रश्न नव्हता, पण तो आता दहा वर्षं सुटणार नव्हता. गोरक्ष दाराकडे असा बघत राहिला की जणू ते आत्ताच कुणी आणून लावलं. मी विचारलं, अरे, माप नाही का घ्यायचं आधी? तर तो मनापासून म्हणाला, "मावशी, आमच्या घराला दारच न्हाई. नुसती चौकट. वस्तू आत आली की भाईर जातीच. मला कसं सुचावं?" शनिदेवाच्या गावचा माणूस. दार हा विचारच त्याच्या डोक्याला कधी शिवला नव्हता.

उद्या येतो म्हणून गेला तो आठ दिवस आला नाही. मी काय करणार, हॉलमध्येच सराव सुरू केला. सोफ्यापासून फ्रिजपर्यंत जायचं, उतरायचं, मागची बाजू उचलून वळवायची, आणि फ्रिजपासून सोफ्यापर्यंत. अँड्र्यूचा व्हिडिओवर फोन आला की मी सीटवर बसून घंटी वाजवायची आणि म्हणायची, रोज चालवते. (रोज चालवत होतेच. कुठे, हे त्याने विचारलं नाही.) आणि गंमत म्हणजे मला ती येत होती. चौथ्या दिवशी मी टीपॉयला वळसा घातला, कशालाही न धडकता. मी इतकी चकित झाले की ब्रेक लावून योसेफच्या फोटोकडे बघितलं. तोही चकित दिसला.

शनिवारी, एकोणतीस तारखेला, गोरक्ष उगवला. त्याने हिशेब केला होता: दाराची फळी उघडी असली तरी तिची जाडी वाटेत येते, ती काढली की सायकल सुटेल. पहार लावली. बिजागऱ्या निघाल्या, त्यांच्याबरोबर चौकटीचा वीतभर तुकडाही निघाला. पण सायकल बाहेर आली. मी तिच्यावर बसून अंगणात दोन फेऱ्या मारल्या, पुष्पावतीबाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्या वेळात गोरक्षने योसेफचं दार टेम्पोत घालून दुरुस्तीला शिंगणापूरला नेलं. मी मागून हाका मारल्या की रात्री घर उघडं कसं ठेवू? तो टेम्पोतून म्हणाला, "आमच्याकडं शनिदेव राखत्यात. तुमी तुमच्या येशूला सांगा की." सांगितलं. शिवाय चौकटीत सायकल आडवी लावून झोपले.

रविवारी सकाळी मी चर्चला निघाले. घराकडे पुष्पावतीबाई बघणार होत्या. रस्ता तोच, पण त्या दिवशी तो मला कुणीतरी नव्याने घालून दिल्यासारखा वाटला. अश्विनी, वारा गालाला लागत होता. शाळेच्या वाटेवर भिंगारच्या उतारावर लागायचा तसा. एका बंगल्यापाशी एका बाईने हात करून थांबवलं आणि विचारलं, मावशी, खारी आहे का? टोपली बघून तिला मी पाववाली वाटले. गोंधळात माझ्या तोंडून निघालं, आज संपली. ती म्हणाली, उद्या अर्धा किलो ठेवा. मी बरं म्हटलं. (आता दर वेळी दुसऱ्या रस्त्याने जावं लागणार.) चर्चमध्ये मी गीताला बाकाला धरून उभी राहिले आणि पडले नाही.

इकडे अँड्र्यू दुपारऐवजी सकाळीच आला. बघतो तर घराला दार नाही आणि घरात आई नाही. पुष्पावतीबाईंनी कुंपणावरून सांगितलं, घाबरू नका, दार शिंगणापूरला गेलंय आणि मम्मी चर्चला गेल्यात. यातलं त्याला किती समजलं कोण जाणे. मी परत आले तेव्हा तो उघड्या चौकटीत खुर्ची टाकून बसला होता, दीड तास. मी घंटी वाजवत फाटकातून आत आले, छान वळून थांबले. त्याने आधी सायकलची तीन चाकं मोजली. मग म्हणाला, "मम्मी, पुण्याला यायचं नाही हे सांगायला दार काढायची गरज नव्हती."

आणि मग मुलाने एक चूक केली. म्हणाला, बघू मी चालवून. तो पुण्यात दर रविवारी हेल्मेट घालून डोंगरावर सायकल नेणारा माणूस. बसला, निघाला, वळताना अंग कलवलं, सायकल काही कलली नाही, आणि तो सरळ पुष्पावतीबाईंच्या मेंदीच्या कुंपणात गेला. दुसऱ्यांदाही तिथेच. तेव्हा त्याने पुस्तिका मागितली, आणि ती नेमकी माझ्या दुमडलेल्या पानावर उघडली. तिथे लिहिलं आहे की ज्यांना दोन चाकी सायकलची सवय आहे त्यांना हे वाहन सुरुवातीला फार जड जातं. ज्यांनी आयुष्यात सायकल चालवलेली नाही ते मात्र पटकन शिकतात. अँड्र्यूने पान वाचलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा पान वाचलं. "मम्मी, तू शाळेत सायकल चालवायचीस ना?"

मी म्हटलं, अश्विनीमावशीला विचार.

तेव्हा निकाल असा लोंबकळतो आहे. म्हणाला, सायकलची गोष्ट खोटी असेल तर चक्कर कमी झाली हेही खोटंच असेल, आणि मग मी तुझं काय ऐकू? पुण्याला गेला आहे, विचार करतो म्हणाला. तुझ्या सूनबाईंना आशीर्वाद, गुडघ्यावर जोर देऊ नकोस, आणि पेरूंबद्दल पुन्हा आभार.

तुझीच,
एंजेला

ता. क. खरं काम हे आहे. अँड्र्यू तुला फोन करेल. सहा वर्षं तू पुढे बसून पायडल मारलंस आणि मी कॅरिअरवर बसून तुझा इंग्रजीचा गृहपाठ केला, हे जगात फक्त तुला आणि मला माहीत आहे. योसेफलाही मी सांगितलं नव्हतं. तुला खोटं बोलायला मी सांगणार नाही, सिस्टर बेनेडिक्टांना वर ऐकू जाईल. तू एवढंच म्हण की आम्ही दोघी रोज एका सायकलवरून शाळेत जायचो. शब्द न् शब्द खरा आहे. पुढे कोण आणि मागे कोण असं विचारलं तर तुला खोकला येऊ दे.

ता. क. २. वरचं लिहून पाकीट चिकटवणार तोच मला लाज वाटली आणि मीच अँड्र्यूला फोन करून सगळं सांगून टाकलं. तू खोकू नकोस. त्याने विचारलं, सहा वर्षं? भिंगारचा चढसुद्धा? मी म्हटलं, चढाला मी उतरायचे. (नाही उतरायचे, पण सगळंच एका दिवसात कसं सांगणार?) मग तो इतका हसला की माझी सून काय झालं म्हणून विचारायला आली. आईला चक्कर खरंच कमी आहे असं त्याला आता वाटतं. ज्याला खोटं टिकवता येत नाही त्याचं खरं मानावं लागतं म्हणाला. ईस्टरपर्यंत मला कोणी हलवत नाही.

ता. क. ३. पाकीट टाकायचं चार दिवस राहिलंच. तेव्हा नगरला यायला गुडघ्याची सबब सांगू नकोस. गाडीने नगर स्टेशनला उतर, तिथून सावेडीपर्यंत रिक्षा कर, तेवढ्या लांब यायची माझी अजून हिंमत नाही. पुढचं माझ्याकडे लागलं. गोरक्षला सांगून टोपलीच्या जागी पाठ टेकायची सीट वेल्ड करून घेतली आहे, दोन टनांची हमी आहे, तू त्याहून कमीच असशील. सहा वर्षांचं ओझं आहे माझ्यावर, चढाला तू उतरू नकोस. दार अजून शिंगणापूरलाच आहे, गोरक्षच्या अंगणात भिंतीला टेकून, आणि बघायला लोक येतात म्हणे. कडी वाजवायला काही नाही. सरळ आत ये.