हळद लागलेला ब्रश

देवळाली प्रवरा,
१२ एप्रिल २०२६

तीर्थरूप बाबांस,
कल्याणचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र लिहितोय. सोबत दाढीचा ब्रश आहे. लीना सांगते, तुमच्या जुन्या ब्रशाला मधोमध टक्कल पडलंय, तरी तुम्ही तो सोडत नाही. हा खऱ्या केसांचा आहे. आधी कोमट पाण्यात साबणाने दोनदा धुवा, मगच वापरा.

नाशिकला ट्रेनिंग आहे असं तुम्हाला सांगून लीना घरातून निघाली आणि आम्ही नोंदणी लग्न केलं, त्याला वर्ष झालं. खोटं बोललो, चूक आमची. आता १७ मेपासून धोंड्याचा महिना लागतोय. गावातले जावई सासरच्या अनारशांच्या गप्पा मारायला लागले की मी उसाला पाणी द्यायला निघून जातो. बोलावणं मागत नाही, बाबा. पण लीना तुमच्या आवाजासाठी झुरते.

लोभ असावा.
आपला,
कल्याण


अकोले,
२१ एप्रिल २०२६

श्री. कल्याण यांस,
स. न. वि. वि.

पत्र पोचले. 'तीर्थरूप' जन्मदात्यांना लिहितात, इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप'. पस्तीस वर्षे मराठी शिकवले, चूक दिसली की हात थांबत नाही.

ब्रशाविषयी. तो ओला करताच असा वास सुटला की न्हाणीघरात मांजर मेले असे समजून हिने शेजारच्या लंकाबाईंना हाक मारली. दोघींनी बंबामागे काठी घालून पाहिले. शेवटी मांजर माझ्या हातात आहे हे त्यांच्या लक्षात आले. शुद्धीसाठी मी ब्रशावर उकळते पाणी ओतले आणि हळद चोळली. वास गेला नाही. ब्रश पिवळाधमक झाला आणि त्याचे अकरा केस गळाले. ही म्हणाली, लेकीला हळद लावायला मिळाली नाही, ती निदान ब्रशाला तरी लागली.

ब्रश परत पाठवावा काय, ते कळवावे.
यज्ञेश्वर मुळे


देवळाली प्रवरा,
२७ एप्रिल २०२६

तीर्थस्वरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परत पाठवू नका. उकळतं पाणी मात्र पुन्हा नको, केस बुडाशी चिकटवलेले असतात, ते सुटतात. रोज पाच मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, तळहातावर साबणाचा फेस काढा, धुवा, झटका आणि वाऱ्यावर वाळू द्या. दाढी करायची नसली तरी फेस काढायचाच. दहा-बारा दिवसांत वास जातो आणि टोकं फुटून मऊ होतात.

तुमचं पत्र माझ्या आईला, रंगुबाईला, वाचून दाखवलं. मांजराच्या जागी ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, नवा बैलबी आठ दिस बुजतोय, मास्तरांना म्हनावं जरा दमानं घ्या.

राग नसावा.
आपला,
कल्याण


अकोले,
६ मे २०२६

श्री. कल्याणराव यांस,
स. न. वि. वि.

सांगितल्याप्रमाणे रोज फेस काढतो. पहिले चार दिवस तळहातावर खराटा फिरतो आहे असे वाटले. आता वास गेला आणि फेस असा येतो की परवा आरशात मी मलाच ओळखले नाही. ही विचारते, एवढा वेळ दाढीला लावता, कुणी बघायला येणार आहे का? हळदीचा रंग मात्र हटत नाही. मातोश्रींना नमस्कार सांगावा.

एक विचारायचे आहे. आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूणही शिजत नाही. हे केस नेमके कुठल्या जनावराचे? स्पष्ट लिहावे.

यज्ञेश्वर मुळे


देवळाली प्रवरा,
११ मे २०२६

तीर्थस्वरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस पत्र लिहायला बसलोच नाही. घरातून सल्ला मिळाला की बिनधास्त 'घोड्याचे' लिही. सल्ला कुणाचा ते लिहीत नाही. पण एका खोट्याने वर्ष गेलं, दुसरं माझ्याच्याने होत नाही.

केस डुकराचे आहेत. दुकानदाराने मला सांगितलं होतं. फेस चांगला येतो एवढंच मी ऐकलं, तुमच्या घरच्या सोवळ्याचा विचार तेव्हा डोक्यात आलाच नाही. रानडुकरं दरवर्षी आमचा ऊस लोळवतात, त्यांनी आजवर आम्हाला काही दिलं असेल तर एवढंच. ब्रश फेकून द्या. बोलावणं तर आता येणार नाहीच, पण लीनाचा एक फोन तरी उचला.

क्षमा असावी.
कल्याण


अकोले,
१५ मे २०२६

चि. कल्याण यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ब्रशाच्या डबीवर बारीक इंग्रजीत डुक्कर छापले आहे. पहिल्याच दिवशी मी ते भिंगातून वाचले आणि तीनदा आंघोळ केली. ब्रश उकिरड्यावर टाकायला निघालोही होतो. मग म्हटले, विचारल्यावर हा काय सांगतो ते पाहू. घोडा लिहिला असतास तर आपला पत्रव्यवहार तिथेच संपला असता. मधल्या दिवसांत मला त्या फेसाची चटक लागली, हा भाग वेगळा. आता तो फेकवत नाही. देवघराकडे जायची त्याला बंदी आहे, एवढेच.

हिने मला न विचारता अनारशांचे तांदूळ भिजत घातले आहेत. रविवारी, २४ तारखेला, दोघे जेवायला या. संगमनेरला गाडी बदला, मी इथल्या स्टँडवर उभा असेन. वाणाचे तेहतीस अनारसे तुलाच संपवायचे आहेत.

घोड्याचा सल्ला कुणाचा हे मला विचारावे लागत नाही, तिला मी लहानपणापासून ओळखतो. तिला सांग, बाबांना तुझ्याशी कडाक्याचे भांडायचे आहे. वर्षभर आम्ही भांडलो नाही. घर फार शांत झाले आहे रे, मला आता सोसत नाही.

लोभ आहेच, तो वाढवायला या.
बाबा