कडुलिंबाला टांगलेला डबा

मुक्काम तंबू, कॉलनीची बाग, पंचवटी
दि. ४ फेब्रुवारी २०२५

सौ. रत्नप्रभा हिस,
स. न. वि. वि.

मी रुसून आलेलो नाही. गॅलरीतून सारखी बघतेस, म्हणून लेखी कळवतो: मी कॅम्पिंगला आलो आहे. अमेरिकेत १८६९ साली एका पाद्र्याने लिहिलेलं वाचून शहरातली चांगली शहाणी माणसं तंबू घेऊन अरण्यात गेली. त्यांच्या बायका 'रुसले' म्हणाल्याची कुठे नोंद नाही.

आता मुद्दा. आपल्या हर्षलच्या साखरपुड्यात तुझा भाऊ दत्तू म्हणाला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधलं तळं नैसर्गिक आहे. मी म्हटलं, १८५८ साली माणसांनी दलदल खणून केलेलं आहे. पंगत हसली. जिलबी वाढता वाढता तूही हसलीस. मी बरोबर होतो हे तू सगळ्यांसमोर म्हणेपर्यंत तंबू हलणार नाही. ताडपत्री दत्तूच्या कांद्यावरची आहे, त्याचा इथे संबंध नाही.

पिठलं मिळालं. तंबूत अन्न ठेवलं की अस्वल येतं, म्हणून डबा दोरीने कडुलिंबाला उंच टांगला आहे. पंचवटीत अस्वल नाही, ठाऊक आहे. पण शिस्त ती शिस्त.

लोभ असावा. तो नसला तरी डबा असावा.
खंडेराव

समोरचं घर
दि. ७

स्वारीस शि. सा. न. वि. वि.

पत्र वॉचमन केरूने आणून दिलं, चहाही घेतला. तुमच्यापेक्षा तो बरा, घरात तरी आला.

अहो, वर बघितलंत का? तुमच्या डब्याशेजारी लोकांनी लाल फडक्यात नारळ बांधलेत! भाजीवाली धोंडाबाई सांगत होती, बाबा फार कडक आहेत, कोणाशी बोलत नाहीत, झाडाला नैवेद्य टांगतात. नारळ बांधला आणि तिचा रुसलेला जावई परत आला म्हणे. सटाण्याहून दत्तूचा फोन, झाड खरंच जागृत शे का?

काल तुम्ही नळावर गेलात तेव्हा मीही एक नारळ बांधून आले. नवस असा: हे घरी आले, तर दत्तूला बोलावून सगळ्यांसमोर सांगेन की तळं माणसांनीच खणलं. शब्द देवाला दिलाय, तुम्हाला नाही. तुमचा खोकला इथवर ऐकू येतो हो.

राग आवरावा, लोभ वाढवावा.
तुमची रत्नप्रभा

मुक्काम तंबू
दि. ८

सौ. रत्नप्रभा हिस,
स. न. वि. वि.

हे काय करून बसलीस! मी आलो नाही, तर तळ्याचं खरं कोणी बोलणार नाही. आलो, तर झाड जागृत ठरणार. अस्वलासाठी मारलेल्या गाठीला मी देव म्हणू?

सकाळी एकाने पाय धरून आशीर्वाद मागितला. मी त्याला यलोस्टोन उद्यानाचं साल सांगितलं, १८७२. आकडा लिहून घेऊन तो थेट लॉटरीच्या दुकानाकडे पळाला.

पुष्कळ विचार केला. नवस फळलेला कोणाला दिसला नाही, तर तो फळला नाही. संध्याकाळी मागच्या दाराने येतो. कडी काढून ठेव आणि दत्तूला बोलाव. वाच्यता नको.

लोभ आहेच, त्याचीही वाच्यता नको.
खंडेराव

समोरचं घर
दि. ८, दुपार

स्वारीस शि. सा. न. वि. वि.

कडी काढली आहे, आल्याचा काढा उकळतोय. दत्तू निघाला. पंगतीत हसल्याची त्याला लाज वाटते, म्हणून तोही मागच्याच दाराने येणार आहे. अंधारात एकमेकांना चोर समजू नका.

मी मात्र गॅलरीत उभी राहून, अख्खी बाग ऐकेल एवढ्या मोठ्याने सांगणार आहे, तळं कोणी खणलं आणि मी का सांगतेय ते. नवस तो नवस.

डबा तेवढा काढून आणा, घासायचा आहे.
तुमचीच रत्नप्रभा