काका, मामा आणि दुसरा ठोका

३ मार्च
बंद! अकरा मिनिटांत माझी मागणी बंद!

आत्या ज्या फुकटच्या प्रोग्रामवर लिहिते, तो बनवणाऱ्या मंडळींकडे मागून मागून मागितलं काय — हात थरथरला की कळ दोनदा दाबली जाते, तर पापणी लवायच्या आत पडलेला दुसरा ठोका धरू नका. त्यांचे प्रमुख, मी त्यांना महाराज म्हणते, लिहितात, ‘याची कुणालाच गरज नाही. कीबोर्ड बदला.’ हात कुठे बदलून मिळतात तेही सांगायचं होतं!

बत्तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होती आत्या. गेली दोन वर्षं तिची पत्रं ती सांगते, मी बडवते. हल्ली मध्येच थांबते. ‘‘राहू दे गं,’’ म्हणते.

५ मार्च
पुन्हा मागितलं. एक शहाणा म्हणाला, ‘इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहिताना काना द्यायला a ची कळ दोनदा दाबतो आपण. मग काका कसे लिहिणार?’ खरंच की! दुसरा ठोका गिळला तर काका कक, मामा मम, बाबा बब! आत्या पोट धरून हसली. मला मात्र रडू आलं.

१९ मार्च
आत्याला टाइप करायला बसवून प्रत्येक ठोक्याची वेळ मोजली. थरथरीतला दुसरा ठोका लगेच पडतो, मुद्दाम दिलेला जरा दमाने. मध्ये चांगली फट आहे! आकडे पाठवले.

२ एप्रिल
ढिम्म.

२० जून
मागणीखाली तीनशे चाळीस जणांनी लिहिलं, सगळे माझ्या बाजूने! कुणाच्या कळा जुन्या, कुणाची बोटं थंडीने आखडलेली. एक आई मांडीवर बाळ घेऊन लिहिते, ते मध्ये हात मारतं.

११ ऑगस्ट
आली! नव्या आवृत्तीत, सगळ्यांना आपोआप चालू! आणि महाराज काय लिहितात — ‘ही सोय आम्ही पहिल्यापासून महत्त्वाची मानत आलो.’ पहिल्यापासून! मरू देत. आत्याने काका, मामा, दादा, बाबा लिहिले. सगळ्यांचे काने जागच्या जागी. मी घरभर नाचले.

१३ ऑगस्ट
आत्याने दार लावून तीन पानी पत्र लिहिलं. कुणाला? ‘‘तुला सांगून लिहिण्यासारखं नव्हतं गं, बाळ,’’ एवढंच म्हणाली. पाकीट स्वतः चिकटवलं आणि पत्त्याची बाजू छातीशी धरून टपालपेटीपर्यंत एकटी गेली.