चाचणी केली : हमादी, केफ

ट्यूनिस, ९ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

सलाम. घरी सगळे बरे असाल. उम्मीच्या हातच्या हरीसा चटणीची बरणी पोचली. खोलीतल्या मुली नुसती चमच्याने खातायत. ऑलिव्हची तोडणी सुरू झाली का? उम्मीला शिडीवर चढू देऊ नका.

नोकरी ठीक चाललीय. ते दुसरं, बिनपगारी कामही. परवा लझरकाका भेटले. म्हणाले, "पदवी घेऊन फुकट राबतेस? बापावर गेलीस! त्यानेही लोकांच्या लग्नातली गाणी डिस्कवर भरून अशीच फुकट वाटली."

बाबा, त्या गाण्यांच्या डिस्कबद्दलच लिहायचंय. तसल्या जुन्या डिस्कशी संगणकाला बोलायला लावणारा ड्रायव्हर आम्ही सगळे मिळून फुकट बनवतो त्या मुक्त संगणक-प्रणालीतून काढून टाकायचं घाटतंय. आता त्या डिस्क वापरतं कोण, असं सगळे म्हणतात. मी तो दुरुस्त केला, पण नुसत्या माझ्या शब्दावर तो ठेवत नाहीत. कुणालातरी तो खऱ्या डिस्कवर चालवून पाहावा लागतो, आणि त्या माणसाचं नाव कायमचं नोंदलं जातं. म्हणून तर तुम्हाला दुरुस्त ड्रायव्हरबरोबर कोरी डिस्क पाठवली.

तुमचा फोन आला. "चाललं गं! झकास चाललं! घाल माझं नाव!" मागून उम्मी म्हणाली, "आता जगात नाव होणार, दाढी तरी करा." मी हसत हसत 'चाचणी केली : हमादी, केफ' अशी ओळ घालून टाकली.

फोन ठेवला आणि वेळेचा हिशेब केला. डिस्क सकाळच्या लुआज टॅक्सीने निघाली होती, आणि तुमचा फोन त्याच दिवशी, दुपारच्या जेवणाआधीचा. ती चाचणी अख्खी डिस्क भरते, मग पुन्हा सगळी वाचते. तिला रात्र लागते, बाबा.

माझी दुरुस्ती चुकलेली असली तर संगणक 'लिहिलं' म्हणेल आणि काहीच लिहिणार नाही. अशाच डिस्कवर नोंदी ठेवणारा कुठल्याशा गावातला दवाखाना तुमच्या नावावर विश्वास ठेवून बसेल. तुम्हीही बसाल. कुणी वारलं की माणसं त्याचा आवाज मागायला तुमच्याच दारी येतात ना?

फोनवर विचारलं असतं तर तुम्ही पुन्हा "चाललं" म्हणाला असता, आणि मी ते खुशाल मानलं असतं. म्हणून हे पत्र.

आज मी सगळ्यांना कळवलं : चाचणी झालेली नाही, नाव मागे घेते, चूक माझी. तुमच्याबद्दल अवाक्षर नाही. शुक्रवारपर्यंत खरी चाचणी झाली नाही, तर ड्रायव्हर जाईल. मग पुढची नवी प्रणाली तुमची गाणी वाचू शकणार नाही.

कोरी डिस्कच लावा. गाण्यांच्या डिस्कला हात लावू नका. रात्रभर चालू द्या. बिघडलं तर बिघडलं म्हणा. मी पुन्हा दुरुस्तीला बसेन. माझ्यासाठी खोटं बोललात, हे उम्मीला कळणार नाही. पण मला तुमचा खरा नकारच हवा, बाबा.

फोन वाजला की दचकणारी, तरी तो उशाशी घेऊन बसलेली,
तुमची सिरीन