दंडावरचे निळे डाग

आई,

सानपाड्याच्या नव्या सोसायटीत आपण नुकतेच राहायला आलो होतो. तू चपात्या लाटत होतीस, बाही वर सरकली आणि तुझ्या दंडावर जांभळाएवढा निळा डाग दिसला. "कुठं आपटलीस?" मी विचारलं. "आपटले असेन," म्हणालीस आणि चपाती तव्यावर टाकलीस. पुढे मनगटावर, मांडीवर तसेच डाग आले. कुठं लागलं, ते तुला आठवेना. समोरच्या काकूंनी एकदा मला जिन्यात थांबवलं. "बाबा हात उचलतात का गं आईवर?" मार्केटातून दमून आलेले बाबा खालच्याच पायरीवर होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तुला कळलं तशी तू पिठाच्या हातांनी काकूंच्या दारात. "वहिनी, ह्यांना मला ओरडतासुदीक येत नाही, मारतील कुठनं?"

वाशीच्या डॉक्टरीणबाई बाबांना बाहेर बसवतात आणि तुला तेच विचारतात. तू हसतेस. मग त्या तुझ्या पोटऱ्यांवरचे बारीक लाल ठिपके बोटाने दाबून बघतात. आपण त्यांना घामोळं समजत होतो. "दाबल्यावर फिके होत नाहीत. कातडीखाली रक्त झिरपतंय," त्या म्हणतात. सुजलेल्या हिरड्या बघतात, रक्त तपासायला पाठवतात. रिपोर्ट आल्यावर त्या बाहेर येऊन बाबांशेजारी बाकावर बसल्या, तेव्हाच मला कळलं, काहीतरी मोठं आहे. मुंबईच्या हॉस्पिटलात कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला आणि नाव पक्कं झालं. रक्ताचा कॅन्सर.

त्यानंतर बाबा तुला हात लावायलाच घाबरायचे. नुसतं धरलं तरी डाग उठायचा. रिक्षातून उतरताना त्यांचा पुढे आलेला हात मध्येच थांबला. तू म्हणालीस, "धरा की. उठला तर उठू दे. एक तरी डाग तुमचा असू दे." बाबांनी धरलं. भर रस्त्यात रडले.

दिवाळीपर्यंतही तू राहिली नाहीस. काकू कितीतरी दिवस डबा आणून द्यायच्या, पण बाबांकडे बघून बोलणं त्यांना कधी जमलं नाही.

बाबा आता थकलेत. मघाशी आतून विचारलं, "कुणाला लिहितीयस?" "ऑफिसचं आहे," मी म्हणाले. तुझं नाव घेतलं असतं तर ते इथं येऊन बसले असते, "माझंबी चार शब्द लिही तिला" म्हणाले असते. मग मला एक अक्षर लिहवलं नसतं.